ज्याला नात होती त्याची गोष्ट

भारताच्या स्वातंत्र्यासाठी अमेरिकेत उभ्या राहिलेल्या गदर चळवळीबद्दल मिळेल ते वाचायचं मला जुनं वेड आहे. त्या चळवळीतले क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे यांचा कॅलिफोर्नियातला माग काढताना स्टॉक्टन हे गाव पुन्हा पुन्हा पुढ्यात येतं. 1912 साली तिथे गुरुद्वारा स्थापन झाला आणि गदरवाल्यांना हक्काची जागा मिळाली. त्या गावाविषयी वाचत सुटलो आणि भलत्याच रस्त्यावर जाऊन अडकलो. रस्त्याचं नाव लाफायेत स्ट्रीट, वस्तीचं नाव लिटल मनिला. एके काळी फिलिपिन्सबाहेरची फिलिपिनो लोकांची सर्वांत मोठी वस्ती स्टॉक्टनमध्ये होती, आणि तिथे पाब्लो माबालोन या गृहस्थांची खानावळ होती.

पाब्लो 1929 साली पनाय बेटावरच्या नुमान्सिया गावाहून अमेरिकेत आले. फिलिपिन्सवर तेव्हा अमेरिकेचं राज्य होतं, त्यामुळे व्हिसाची गरज नव्हती. 1931 साली त्यांनी ‘लाफायेत लंच काउंटर’ विकत घेतलं. गिऱ्हाईक म्हणजे जवळपास सगळे शेतमजूर. स्टॉक्टनच्या आसपासची काळी भुसभुशीत जमीन अ‍ॅस्परॅगससाठी प्रसिद्ध. लांब दांड्याची सुरी घेऊन दिवसभर कमरेत वाकून एकेक कोंब कापायचा. त्या मातीच्या धुळीने अंग खाजत राही, म्हणून उन्हाळ्यातही लोक अंगभर कपडे चढवून शेतात उतरत. हंगाम संपला की हातात काम नाही, खिशात पैसा नाही. अशा वेळी पाब्लोंच्या काउंटरवर भात आणि अडोबो हा फिलिपिनो मांसाचा रस्सा उधारीवर मिळे. लेखक कार्लोस बुलोसान यांचा पत्तासुद्धा हीच खानावळ. हंगामामागे गावोगाव फिरणाऱ्या माणसाची पत्रं दुसरीकडे कुठे जाणार?

या मजुरांपैकी बहुतेक जण एकटे होते आणि एकटेच राहिले. 1930च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या फिलिपिनोंमध्ये साधारण 14 पुरुषांमागे एक स्त्री होती. उरलेलं काम कायद्याने केलं. ते कसं केलं हे पाहायचं असेल तर 1933चा रोल्दान खटल्याचा निकाल वाचावा. माझ्या वाचनातला हा सर्वांत विलक्षण कागद आहे.

साल्वादोर रोल्दान या फिलिपिनो तरुणाला एका गोऱ्या स्त्रीशी लग्न करायचं होतं. लॉस एंजेलिस काउंटीच्या कारकुनाने परवाना नाकारला, कारण गोऱ्यांनी ‘मंगोलियन’ वंशाच्या माणसाशी लग्न करायला राज्यात बंदी होती. रोल्दान कोर्टात गेला आणि अपिलातही जिंकला. न्यायमूर्तींनी मानववंशशास्त्राचे जुने ग्रंथ काढले. ब्लुमेनबाखने मानवजातीचे पाच वंश सांगितले होते. त्यात मंगोलियन वेगळे आणि मलय, म्हणजे फिलिपिनो ज्यांत मोडत, ते वेगळे. शिवाय हा कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर चिनी लोक होते, फिलिपिनो नव्हते. म्हणून रोल्दानला परवाना द्या, असा निकाल लागला. मात्र कायदा बदलायचा असेल तर तो विधिमंडळाचा प्रश्न आहे, हेही निकालातच नमूद केलं होतं. विधिमंडळाने जराही वेळ दवडला नाही. त्याच वर्षी बंदीच्या यादीत ‘मलय’ही घातले आणि दार पुन्हा बंद केलं.

पुढच्या वर्षी, 1934 साली, फिलिपिनोंचा अमेरिकाप्रवेश वर्षाला 50 माणसांवर आणला गेला. नागरिकत्वाची वाट 1946 साली खुली झाली, आणि ती ज्या कायद्याने झाली त्याच कायद्याने भारतीयांनाही झाली. लग्नबंदी कोर्टाने मोडीत काढली ती 1948 साली. विशीत आलेला मजूर तोवर चाळिशीला टेकला होता. मजूर हवेत, पण त्यांचे संसार नकोत, असं हे धोरण होतं. याला क्रौर्यच म्हणावं लागतं.

कॅलिफोर्नियातला शेतमजुरांचा लढा म्हटला की आपल्याला सेझार चावेझ आठवतात. 8 सप्टेंबर 1965 रोजी डेलानोच्या द्राक्षमळ्यांत पहिला संप पुकारला तो मात्र या उतारवयाच्या फिलिपिनोंनी. त्यांचा पुढारी लॅरी इटलियाँग. पंधराव्या वर्षी अमेरिकेत आलेला, अलास्काच्या मासळी-कारखान्यात तीन बोटं गमावलेला, सात मुलांचा बाप. चावेझ यांची मेक्सिकन मजुरांची संघटना आठवडाभराने संपात उतरली. पाच वर्षांनी मळेवाले करारावर सह्या करायला आले तोवर नाव चावेझ यांचं झालं होतं. चावेझ मोठेच होते, पण इटलियाँगना त्यांच्या हयातीत न्याय मिळाला नाही.

ही विस्मृती कशामुळे, याचं मला पटलेलं उत्तर असं: आजोबांची गोष्ट नातवंडं सांगतात, आणि या माणसांपैकी बहुतेकांना नातवंडंच होऊ दिली गेली नाहीत. पाब्लो याला अपवाद ठरले. त्यांचा मुलगा फिलिपिन्समध्ये वाढला आणि 1963 साली, बाप घराबाहेर पडल्यानंतर 34 वर्षांनी, स्टॉक्टनला आला. त्याला 1972 साली मुलगी झाली, डॉन. ती इतिहासकार झाली.

डॉनच्या जन्माच्या सुमारास महामार्गासाठी लिटल मनिलाची घरं पडत होती. 1999 साली आजोबांच्या खानावळीची इमारतही पाडली गेली. डॉनने सहकाऱ्यांसोबत उरलेल्या इमारती वाचवण्यासाठी संस्था काढली आणि 2013 साली वस्तीचा इतिहास ग्रंथरूपाने आणला. इटलियाँगवर मुलांसाठी लिहिलेलं तिचं पुस्तक 2018 साली आलं. त्याच वर्षी हवाईच्या समुद्रात तिचा अकाली मृत्यू झाला. खानावळवाल्या आजोबांच्या नातीने सगळ्या रस्त्याची वंशावळ लिहून ठेवली होती.

2005 साली स्टॉक्टनमधल्या दागुहोय लॉज या फिलिपिनो बंधुसंघटनेच्या इमारतीच्या तळघरात जुन्या ट्रंका सापडल्या. आत सूट, पत्रं, फोटो, अवजारं. मालक त्या न्यायला परतलेच नव्हते. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने पुढे त्यांवर प्रदर्शन भरवलं, हे उत्तम झालं. पण प्रदर्शनाने काम संपत नाही. प्रत्येक ट्रंकेमागचा माणूस शोधून त्याचं गाव, त्याचे हंगाम, त्याची मजुरी लिहून काढायला हवी. ज्यांना नात नव्हती त्यांच्यासाठी हे कष्ट परक्यांनीच घ्यायचे असतात. इतिहासकाराचं पहिलं कर्तव्य मी हेच मानतो.