जुन्या डिझेल पिकअपचे दोषनिदान : लक्षण, अर्थ आणि प्रतिस्थापन

‘गाडी सुरू होत नाही’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण आहे. निदानाच्या दृष्टीने मात्र ते अपुरे आहे. त्यात किमान तीन भिन्न विधाने दडलेली असतात. एंजिन फिरतच नाही, हे पहिले. एंजिन फिरते पण पेट घेत नाही, हे दुसरे. पेट घेते पण टिकत नाही, हे तिसरे. या तिन्हींची कारणे वेगळी, त्यांवरील उपाय वेगळे आणि उपायांचा खर्चही वेगळा. विघटन न करता दुरुस्तीस आरंभ झाला म्हणजे पंप उतरविला जातो, नोझल बदलली जातात, आणि दोष अखेरीस इंधननळीच्या एखाद्या सैल जोडात सापडतो. पहाटे भाजीपाला घेऊन बाजार गाठणाऱ्या वाहनधारकाच्या दृष्टीने हा फरक तात्त्विक नसतो. त्याच्या दिवसाची कमाई त्यावर अवलंबून असते.

लक्षणावरून कारण ओळखण्याची ही पद्धती भाषाभ्यासकास अपरिचित वाटू नये. चिन्ह आणि अर्थ यांचा संबंध एकास एक असा नसतो, आणि एक घटक बदलून इतर स्थिर ठेवल्याशिवाय त्या घटकाचे कार्य निश्चित होत नाही, ही दोन्ही तत्त्वे येथे जशीच्या तशी लागू पडतात. प्रस्तुत विवेचन यांत्रिक पंपाच्या जुन्या डिझेल पिकअपपुरते मर्यादित आहे. १९८८ मध्ये बाजारात आलेली टाटामोबाइल २०६ हे या वर्गाचे महाराष्ट्रात परिचित असलेले उदाहरण होय.

१. एंजिनाच्या दोन अटी

रूडोल्फ डीझेल यांना त्यांच्या एंजिनाचे जर्मन पेटंट १८९३ मध्ये मिळाले आणि ऑग्सबर्ग येथे १८९७ मध्ये त्या एंजिनाची यशस्वी चाचणी झाली. त्यातील मूळ कल्पना आजही तीच आहे. सिलिंडरातील हवा इतकी दाबावयाची की ती दाबामुळेच तापावी, आणि त्या तप्त हवेत योग्य क्षणी इंधनाचा सूक्ष्म फवारा सोडावयाचा. ठिणगीची गरज नाही. यास्तव डिझेल एंजिन सुरू होण्यास दोनच अटी आहेत : पुरेशी तप्त हवा, आणि योग्य वेळी योग्य रूपात पोहोचलेले इंधन. सुरू होण्याविषयीची प्रत्येक तक्रार या दोहोंपैकी एकीच्या, क्वचित दोन्हींच्या, अभावाची असते.

इंधन अचूक वेळी व उच्च दाबाने पुरविणाऱ्या पंपाचे नियमित उत्पादन बॉश कंपनीने १९२७ मध्ये सुरू केले. भारतात बंगळूर येथे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या ‘मायको’ने असे पंप व नोझल पुरविले, २००८ पासून ही कंपनी बॉश लिमिटेड या नावाने ओळखली जाते.

जुन्या पिकअपपैकी अनेकांत इंधन थेट दट्ट्यावर न सोडता शेजारच्या लहान कक्षात सोडले जाते. अशा पूर्वकक्षाचे पेटंट प्रॉस्पर लोरांज यांनी १९०९ मध्ये घेतले. त्यामुळे एंजिनाचा आवाज सौम्य होतो. परंतु कक्षाच्या भिंती थंड असताना दाबलेल्या हवेची उष्णता शोषून घेतात. म्हणून या एंजिनांत हवा वीस पटींहून अधिक दाबली जात असूनही थंडीत सुरू होताना विजेवर तापणाऱ्या प्लगचे साह्य लागते. गॅरेजच्या भाषेत त्याला ‘हीटर’ म्हणतात. ज्या एंजिनांत इंधन थेट सिलिंडरात सोडले जाते, त्यांना आपल्या हवामानात सहसा हीटरची जरुरी पडत नाही.

२. पहिला प्रश्न : सेल्फ फिरतो काय?

अनुभवी कारागीर प्रथम हत्यार हाती घेत नाही, प्रश्न विचारतो. ‘सेल्फ मारल्यावर एंजिन नेहमीच्या वेगाने फिरते का?’ हा त्यातील पहिला. मंद गतीने फिरणाऱ्या एंजिनात दाबलेली हवा फटींतून निसटते, तिची उष्णता भिंतींत जिरते, आणि इंधन निर्दोष असूनही ते पेटत नाही. म्हणून बॅटरीची स्थिती ही केवळ विजेची बाब नव्हे. ती हवेच्या तापमानाची बाब आहे.

बारा व्होल्टची चांगली बॅटरी विश्रांत अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. सेल्फ फिरत असताना हा आकडा १० च्या बराच खाली गेला, तर बॅटरी दुर्बल असते किंवा सेल्फ प्रमाणाबाहेर वीज ओढत असतो. आकडा टिकून राहिला आणि तरीही सेल्फ मंद फिरला, तर दोष बहुधा जोडांत असतो : गंजलेले टर्मिनल, सैल पट्टी, किंवा एंजिन व सांगाडा यांना जोडणारी तुटकी अर्थिंगची तार.

३. दुसरा प्रश्न : धूर येतो काय?

एंजिन योग्य गतीने फिरते पण पेट घेत नाही, अशा वेळी सायलेन्सरच्या तोंडाशी पाहणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अर्थवाही परीक्षण होय. धूर मुळीच नसेल, तर इंधन सिलिंडरापर्यंत पोहोचत नाही. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर असेल, तर इंधन पोहोचते पण पेटत नाही. सुरू झाल्यावर काळा धूर आला, तर हवेच्या मानाने इंधन अधिक आहे किंवा फवारा नीट होत नाही. निळसर धूर वंगण-तेल जळत असल्याचे सुचवितो.

परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. पांढऱ्या धुराचा अर्थ ‘हीटर खराब’ असा एकच नाही. घटलेले संपीडन आणि उशिरा होणारे अंतःक्षेपण यांमुळेही तोच धूर दिसतो. मराठीत ‘जग’ हे लिखित रूप ‘विश्व’ या अर्थी तालव्य आणि ‘जिवंत राहा’ या अर्थी दंत्य उच्चाराचे असते. केवळ अक्षरे पाहून निर्णय होत नाही, संदर्भ पाहावा लागतो. धुराचेही तसेच आहे. एंजिन थंड आहे की गरम, धूर किती वेळ टिकतो, एंजिनाची लय कशी आहे, हा त्याचा संदर्भ होय.

४. पहाटेची तक्रार आणि तिचे दोन अर्थ

‘रात्रभर उभी राहिली की सकाळी त्रास देते, मग दिवसभर ठीक’ ही तक्रार अत्यंत परिचित आहे. सेल्फची गती चांगली असल्यास तिचे दोन प्रमुख अर्थ संभवतात, आणि धूर त्यांत भेद करतो.

बराच वेळ धुराविना फिरून मग एंजिन अकस्मात सुरू होत असेल, तर टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत हवा शिरत असते आणि रात्रीत इंधन टाकीकडे परतते. ही गळती फसवी असते. शोषण-बाजूच्या नळीत दाब बाहेरील हवेपेक्षा कमी असल्याने तेथे डिझेल बाहेर न ठिबकता हवाच आत ओढली जाते. ओला डाग दिसेलच असे नाही. पडताळा सोपा आहे. सकाळी सेल्फ मारण्यापूर्वी हातपंप दाबावा. तो पोकळ लागला आणि काही दाबांनंतर घट्ट झाल्यावर एंजिन लगेच सुरू झाले, तर निदान पक्के. मग रबरी नळ्या, पट्ट्या, फिल्टरचे वायसर आणि हातपंपाची झडप तपासावी. ‘एअर काढताना’ क्रम इंधनाच्या प्रवाहाचाच ठेवावा : प्रथम फिल्टरचा स्क्रू, नंतर पंपाचा, आणि शेवटी नोझलकडील नट.

याउलट पहिल्या फेऱ्यांपासून पांढरा धूर येत असेल, तर हीटर तपासावेत. त्यांना जोडणारी पट्टी काढून बॅटरीच्या धन टोकास जोडलेला चाचणीदिवा एकेका हीटरच्या टोकास लावावा. दिवा न लागल्यास तो हीटर तुटलेला समजावा. सगळे हीटर चांगले असतील तर त्यांना वीज पोहोचविणारा रिले व फ्यूज पाहावा. चारांपैकी एकच हीटर गेला असता एंजिन तिघांवर सुरू होते, काही मिनिटे ‘मिसिंग’ करते आणि तापल्यावर सुरळीत होते.

धुराचा पत्ताच नसेल आणि हातपंपानेही फरक पडत नसेल, तर पंपावर इंधन रोखणारे सोलेनॉइड आहे काय, आणि चावी फिरविताच त्याचा ‘टक्’ असा आवाज येतो काय, हे पाहावे. पंप उतरविण्यापूर्वी एक तार तपासणे केव्हाही इष्ट.

तक्रार उलटी, म्हणजे गरम असतानाच सुरू न होण्याची असेल, आणि पंप फिरत्या वितरकाच्या जातीचा असेल, तर झिजलेल्या पंपाचा संशय घ्यावा. तापलेले डिझेल पातळ होते व झिजेच्या फटींतून आतल्या आत निसटते. पंपावर ओले फडके ठेवून तो निवाल्यावर एंजिन सुरू झाले, तर संशय बळावतो.

५. नोझल आणि प्रतिस्थापन-कसोटी

‘मिसिंग’ कायम राहिले तर कोणता सिलिंडर काम करीत नाही, हे ठरवावे लागते. एंजिन मंद गतीवर चालू ठेवून एकेका नोझलकडील नळीचा नट पान्याने किंचित सैल करावा. त्या सिलिंडराचे इंधन तेवढ्यापुरते तुटते. याचे तीन परिणाम संभवतात. गती घसरली, तर तो सिलिंडर कार्यक्षम होता. काहीच फरक पडला नाही, तर तो आधीच मृत होता. ठोक्याचा आवाज व काळा धूर नाहीसा झाला, तर त्या नोझलची सुई अडकून इंधन ठिबकत होते.

ध्वनिविचारातील प्रतिस्थापनाची कसोटी हीच होय. ‘वेळ’ आणि ‘वेल’ यांत एकच व्यंजन बदलले असता अर्थ बदलतो, म्हणून ळ आणि ल हे मराठीत स्वतंत्र स्वनिम ठरतात. बदल करूनही अर्थ बदलला नसता, तर त्या भेदास भाषेत कार्य नाही असे म्हणावे लागले असते.

मात्र मृत सिलिंडर सापडला म्हणजे नोझल दोषी ठरले असे नव्हे. तेथे झडप जळलेली असू शकते, रिंगा झिजलेल्या असू शकतात. म्हणून दुसरे प्रतिस्थापन करावे. एंजिन थंड झाल्यावर त्या सिलिंडरातील नोझल शेजारच्यात आणि शेजारचे यात बसवावे. तांब्याचे वायसर नवे घालावेत व नळ्यांची तोंडे स्वच्छ राखावीत. दोष नोझलबरोबर सरकला, तर नोझल दोषी. दोष जागीच राहिला, तर नोझल निर्दोष. मग संपीडन व पंपाचा त्या सिलिंडराकडील पुरवठा तपासावा. या अर्ध्या तासाच्या कामाने अख्खा संच बदलण्याचा खर्च पुष्कळदा वाचतो.

काढलेल्या नोझलची अंतिम परीक्षा हाताने चालविण्याच्या चाचणीपंपावर होते. उघडण्याचा दाब पूर्वकक्षाच्या एंजिनांत साधारणतः १२० ते १५० बार असतो, थेट अंतःक्षेपणात २०० बारच्या आसपास वा अधिक. नेमका आकडा निर्मात्याच्या पुस्तिकेतून घ्यावा. फवारा धुक्यासारखा बारीक व सममित हवा आणि दाब उघडण्याच्या किंचित खाली धरून ठेवला असता टोक कोरडे राहावे. या परीक्षणात हात फवाऱ्यासमोर कधीही आणू नये. या दाबाने उडणारे डिझेल त्वचा भेदून आत शिरते. जखम सुईच्या टोचण्याएवढी दिसली तरी ती तातडीच्या शस्त्रक्रियेची बाब असते.

६. संज्ञांची संदिग्धता आणि कसोटीची मर्यादा

गॅरेजच्या बोलीत ‘नोझल’ हा शब्द कधी केवळ टोकासाठी, तर कधी त्याच्या होल्डरसह संपूर्ण जोडणीसाठी येतो. ‘नोझल बदलले’ या विधानावरून उघडण्याचा दाब पुन्हा लावला की नाही, हे कळत नाही. ते स्वतंत्रपणे विचारावे लागते. ‘पिकअप नाही’ या वाक्यात पिकअप म्हणजे वाहनाचा प्रकार नव्हे, तर वेग घेण्याची शक्ती. ‘पिकअपला पिकअप नाही’ हे चालकाचे वाक्य द्विरुक्त वाटले तरी नेमके आहे, आणि ते सुरू होण्याविषयीची नव्हे, तर भाराखालील शक्तीविषयीची तक्रार नोंदविते.

शेवटी एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. नट सैल करण्याची कसोटी यांत्रिक पंपाच्या जुन्या व्यवस्थेपुरतीच वैध आहे. १९९७ पासून मोटारगाड्यांत आलेल्या कॉमन रेल पद्धतीत नळीतील दाब सतत असतो आणि तो हजार बारच्या पुढे जातो. तेथे चालत्या एंजिनाचा नट सैल करणे प्राणघातक ठरू शकते. सिलिंडरांचे तुलनात्मक परीक्षण संगणकीय उपकरणानेच करावे लागते. एका भाषेची कसोटी दुसरीस लावताना तिची रचना आधी तपासावी लागते, तोच नियम येथे आहे. पान्याला हात घालण्यापूर्वी समोरची व्यवस्था कोणती, हे ठरविणे हीच निदानाची पहिली पायरी होय.