उणे तेरा अंश आणि लाखनीची शेगडी

टेक्सासमध्ये बर्फाचं वादळ, लाखनीत आईचा जीव टांगणीला आणि मधे एक मोबाइल. त्या चार दिवसांनी आम्हाला शिकवलेली गोष्ट तुमच्या टू-बीएचकेलाही लागू पडते!

बर्फ म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? शिफॉनच्या साडीत अजिबात न कुडकुडणारी हिरॉइन, मनालीचा हनिमून, नाहीतर अमेरिकेतल्या मित्राने टाकलेले फोटो. आपल्यासाठी बर्फ म्हणजे रजा काढून बघायला जायची गोष्ट. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या लाखनीत आकाशातून पांढरं काही पडलंच तर त्या गारा असतात. आणि गारा पडल्या की फोटो काढायचं कुणाला सुचत नाही, आधी शेत आठवतं.

पण फेब्रुवारी २०२१ मध्ये चार दिवस आमच्या घरात बर्फाशिवाय दुसरा विषय नव्हता. ताई, भाऊजी आणि दीड वर्षाचा भाचा अमेरिकेत, टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात. आई-बाबा आणि कोरोनामुळे घरूनच काम करणारी मी लाखनीत. मधे साडेअकरा तासांचा फरक.

लाइन गेली!

टेक्सास म्हणजे थंडीचं राज्य नाहीच मुळी. तिथला उन्हाळा आपल्या विदर्भाशी स्पर्धा करणारा. त्यामुळे ‘उरी’ नावाचं हिमवादळ येतंय म्हटल्यावर ताईच्या घरात भीतीपेक्षा गंमतच जास्त होती. गव्हर्नरने १२ फेब्रुवारीलाच राज्याच्या सगळ्या २५४ काउंट्यांमध्ये आपत्ती जाहीर केली होती. तरी १४ तारखेच्या रात्री ताईने अंगणाचा फोटो पाठवला, खाली लिहिलं, ‘बघा आमचं काश्मीर!’

काही तासांत काश्मीरची मजा संपली. १५ फेब्रुवारीच्या पहाटे, तिकडच्या घड्याळात दीडच्या सुमाराला राज्यात वीजकपात सुरू झाली. ताईकडे दोन वाजता हीटरचा आवाज बंद पडला. आमच्याकडे दुपारची जेवणं आटोपत होती. फोन आला तेव्हा आई एकदम कूल!

‘‘लाइनच गेली नं? येते घडीभरात.’’

आईचा कॉन्फिडन्स उगाच नव्हता. मी शाळेत असताना आमच्या भिंतीवर लोडशेडिंगचं वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकाशेजारी चिकटवलेलं असायचं. कंदिलाची काच पुसणं हे माझं रोजचं काम. पण ऑस्टिनमध्ये घडीभरात काही लाइन आली नाही. ताईच्या घरात ती आली थेट गुरुवारी, १८ तारखेला. मधल्या काळात बाहेर सहा इंचांवर बर्फ आणि पारा उणे तेराच्या आसपास. घरात सात अंश. सात अंश म्हणजे आपल्याकडची डिसेंबरातली कडाक्याची पहाट. पण आपल्याकडे नऊ वाजता ऊन येतं आणि विषय संपतो.

आईचा हेल्पडेस्क

दुसऱ्या दिवसापासून आईने सूत्रं हातात घेतली. मोबाइलची बॅटरी वाचवायची म्हणून फोन दिवसातून तीनदा, दोन-दोन मिनिटं. त्यात सूचनांची यादी.

‘‘सारे एका खोलीत राहा वं. बाकीची दारं लावून घे. दाराच्या खाली गोधडी कोंब. लेकराले दोघांच्या मधात झोपव. आन् नळाले पाणी आहे तवर सारी भांडी भरून ठेव.’’

नळाला पाणी असताना भांडी भरायची? ताईला हसू आलं. पण लाखनीतच वाढलेली मुलगी ती. तिने कुकरपासून बाळाच्या टबापर्यंत सगळं भरलं. बुधवारी अख्ख्या ऑस्टिनला पाणी उकळून प्यायचा आदेश आला. ज्यांच्याकडे वीजच नाही, त्यांनी ते उकळायचं कशावर? भरून ठेवलेल्या पाण्यावर या तिघांचं निभावलं, शेजारच्या आजींनाही दोन पातेली गेली.

त्याच दिवशी माळ्यावरचा पाइप फुटला. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं, आणि तिथल्या बऱ्याच घरांचे पाइप माळ्यावरून किंवा बाहेरच्या भिंतीतून नेलेले. रिकाम्या बेडरूमच्या छतातून धार लागली. आईचा पहिला प्रश्न, ‘‘मेन कॉक कुठे आहे?’’ आपल्याकडे शेंबड्या पोरालाही घराचा मेन कॉक माहीत असतो. ताई-भाऊजींनी तीन वर्षांत तो बघितलाच नव्हता! शेवटी रस्त्याकडेच्या एका पेटीत सापडला, बर्फाखाली. फावडं नव्हतं, म्हणून भाऊजींनी कढईने बर्फ उपसला.

शेगडीवरून वादावादी

इथपर्यंत आई शंभरपैकी शंभर. पण मंगळवारच्या फोनमध्ये मोठा खटका उडाला होता.

ताईकडे स्वयंपाकाची शेगडी विजेची, म्हणजे बंद. भाऊजींनी कोळशाची बार्बेक्यू ग्रिल मागच्या अंगणात पेटवली आणि पडत्या बर्फात, डोक्यावर छत्री धरून खिचडी शिजवली. व्हिडिओवर ते लालभडक निखारे बघून आईचा धीर सुटला.

‘‘जावईबापू, लेकरू कुडकुडून राहिलं आन् तुम्ही शेगडी बाहेर ठेवता? आत घ्या नं!’’

भाऊजी एरवी आईपुढे मान वर करून बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले. ‘‘नाही आई. हे घर आपल्यासारखं नाही. याला फटच नाही.’’

फोन कट झाला. आई संध्याकाळभर कुणाशी बोलली नाही. तिच्या दृष्टीने जावई हट्टाला पेटला होता आणि थंडीत नातू पणाला लागला होता.

घराला फट हवी

आता आईचं लॉजिक बघा. आमचं जुनं घर कौलारू. कवेलूंमधून वारा येतो, दारांना बोटभर फट, खिडकी कधी पूर्ण लागतच नाही. थंडीत शेगडीभोवती बसलं तरी धूर वाटेने निघून जातो. टेक्सासचं घर मात्र एसीची हवा बाहेर जाऊ नये म्हणून बंद डब्यासारखं बांधलेलं. अशा घरात कोळसा पेटला की कार्बन मोनॉक्साइड साचत जातो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट जोमाने चिकटतो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. झोपेत असाल तर तेही कळत नाही.

हे नुसतं पुस्तकी ज्ञान नाही. त्या वादळात टेक्सासमध्ये सरकारी मोजणीनुसार २४६ जण गेले. सगळ्यात जास्त थंडीने; पण १९ जण कार्बन मोनॉक्साइडने. यात कुणी ग्रिल घरात घेतली, कुणी ऊब मिळावी म्हणून गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवली, अशा बातम्या तेव्हा येत होत्या.

बाबांनी मोबाइलवरची तशीच एक बातमी आईला वाचून दाखवली. ती ऐकत राहिली. पुढच्या फोनला तिने एवढंच विचारलं, ‘‘शेगडी बाहेरच आहे नं, जावईबापू?’’

वीज गेलीच का?

टेक्सासचं ग्रिड बाकीच्या अमेरिकेपासून जवळजवळ तुटक, त्यामुळे शेजाऱ्यांकडून उसनवारी फारशी नाही. अर्ध्याहून जास्त घरं विजेवरच गरम होतात, म्हणून मागणी चढली. नेमकी तेव्हाच गॅसच्या विहिरी आणि पाइप गोठले, पवनचक्क्यांवर बर्फ चढला, एक अणुभट्टीसुद्धा थांबली. वीज बनवायला गॅस हवा आणि गॅस पुढे ढकलायला वीज! अख्खं ग्रिड कोसळण्यापासून फक्त ४ मिनिटं ३७ सेकंद दूर होतं. कपात केली म्हणून ते वाचलं. ४५ लाखांवर घरं-दुकानं मात्र अंधारात गेली. २०११ च्या थंडीनंतरही यंत्रणा थंडीसाठी सज्ज करण्याच्या शिफारशी झाल्या होत्या. सक्ती करणारा कायदा आला तो २०२१ च्या जूनमध्ये.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याला काय? आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? बर्फ नाही पडत, पण डबा तोच आहे. स्लायडिंग खिडक्या, एसीसाठी बुजवलेल्या फटी, एवढीशी बाथरूम आणि त्यात गॅस गिझर. गाव सोडून फ्लॅटमध्ये येताना गावाकडचं शहाणपण जरूर आणा. पाणी भरून ठेवा, एका खोलीत गोळा व्हा, शेजारच्या आजींना विचारा. फक्त जाळ पेटवण्याआधी एकदा घराकडे बघा. आपलं घर श्वास घेतं का?

हे कराच!

* घराचा पाण्याचा मेन कॉक आणि विजेचा मेन स्विच कुठे आहे, या वीकएंडला बघून ठेवा.
* गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या.
* कोळशाची शेगडी, बार्बेक्यू किंवा जनरेटर बंद खोलीत कधीच नको. बंद गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवू नका.
* जाळाजवळ एकदम अनेकांचं डोकं दुखायला लागलं तर सगळे आधी बाहेर मोकळ्या हवेत. मग डॉक्टरांना फोन.
* पॉवर बँक भरलेली ठेवा. गावाकडे आई फोनची वाट बघत असते!