डोळ्यांची न दिसणारी उडी

कारंजा किंवा मानोऱ्याच्या शिवारात कापसाची वेचणी चालू असली की वेचणाऱ्या बाईच्या हाताकडे जरा नीट बघा. हात बोंडाशी बरोबर थांबतो. अलीकडे नाही, पलीकडे नाही. वाळलेल्या बोंडाची टोकं टोचू न देता चिमूट कापूस ओढते, तो कमरेच्या ओटीत जातो, आणि तोंडाने शेजारणीशी गप्पा चालूच! हे जमतं तरी कसं?

हात पुढे न्यायचा तर एक स्नायू आवळावा लागतो आणि त्याच क्षणी त्याच्या उलट बाजूचा सैल सोडावा लागतो. थांबायच्या वेळी नेमकं उलटं. खांदा, कोपर, मनगट, बोटं, सगळीकडे हीच ओढाताण. शंकरपटातली जोडी आठवा. बैलांच्या अंगात ताकद भरपूर असते. पण कासरा कधी ओढायचा आणि कधी ढिला सोडायचा, हे धुरकऱ्याला कळलं नाही तर ती ताकद छकड्याला चाकोरीबाहेर नेते.

आपल्या शरीराचा धुरकरी कवटीच्या मागच्या तळाशी बसलेला असतो. त्याचं नाव लहान मेंदू. सगळ्या मेंदूच्या आकारमानाचा जेमतेम दहावा हिस्सा. पण मेंदूतल्या सुमारे 86 अब्ज चेतापेशींपैकी जवळपास 69 अब्ज या एवढ्याशा जागेत दाटीवाटीने राहतात! त्यातल्या पुरकिंजे नावाच्या एकेका पेशीपाशी लाखाच्या वर जोडण्या येऊन पोचतात.

हा कासरा सुटला, की डॉक्टर ज्याला अ‍ॅटॅक्सिया म्हणतात ते दिसू लागतं. स्नायूंची ताकद शाबूत, पण त्यांचा ताळमेळ गेलेला. नाकाला बोट लावायला सांगितलं तर बोट थरथरत नाकापुढे निघून जातं. पाय फाकवून चालावं लागतं, जीभ जड होते. अशा माणसाला गावात लोक सर्रास ‘पिऊन आला’ म्हणतात. ज्याने आयुष्यात थेंबाला हात लावला नाही, त्याला हे रोज ऐकावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं. दारूही लहान मेंदूवरच घाला घालते, म्हणून चाल सारखी दिसते, एवढंच.

अ‍ॅटॅक्सिया हे एका आजाराचं नाव नाही, ते लक्षण आहे. कारणं कितीतरी. बी 12 जीवनसत्त्व कमी पडलं, तर पाय कुठे आहेत ही खबर मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. मग गंमत बघा, डोळेच ती उणीव भरून काढत असतात! तोंड धुताना डोळे मिटले, की माणूस तिथल्या तिथे डगमगतो. हे वेळीच ओळखलं तर उपचार होतात. काही अ‍ॅटॅक्सिया मात्र घराण्यातून येतात, आणि त्यातल्या एकाची ओळख आपल्या मुंबईत पटली.

जे. जे. रुग्णालयात मेंदूविकारांचा विभाग उभा करणारे डॉ. नोशीर वाडिया अशा घराण्यांतले रुग्ण तपासत होते. त्यांची नजर रुग्णांच्या पायांवरून डोळ्यांवर गेली. इथे एक प्रयोग कराच. आरशासमोर उभे राहा आणि आपल्या डाव्या डोळ्याकडून उजव्याकडे नजर न्या. डोळे हललेले दिसले का? दिसणारच नाहीत. नजरेची ही उडी अतिशय वेगवान असते आणि तेवढ्या क्षणापुरतं मेंदू बघणंच दाबून टाकतो. दिवसभरात अशा हजारो उड्या होतात आणि आपल्याला पत्ताही नसतो! वाडियांच्या रुग्णांची नजर मात्र इकडून तिकडे सावकाश सरकत जाई, बाहेरून बघणाऱ्याला सहज दिसेल इतकी. अशा नऊ कुटुंबांचं वर्णन त्यांनी आणि स्वामी या सहकाऱ्याने 1971 मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात छापलं.

पुढे 25 वर्षांनी, 1996 मध्ये, बाराव्या गुणसूत्रावरचं सदोष जनुक सापडलं. वाडियांच्या पाहणीतला आजार त्याच जातीचा निघाला. आता त्याला एससीए 2 म्हणतात. त्या जनुकात सीएजी ही तीन अक्षरं एकामागे एक येतात. निरोगी माणसात बहुधा 22 वेळा. 35 च्या आसपास गेली, की धोका. पुढच्या पिढीत जाताना ती आणखी वाढू शकतात आणि मग आजार बापापेक्षा लेकाला लवकर गाठतो.

पण निरोगी जनुकात ती वाढत का नाहीत? त्या रांगेत मध्येच एखाद-दुसऱ्या जागी सीएजीऐवजी सीएए असतं. दोन्हींचा अर्थ पेशीला एकच, दोन्हींपासून प्रथिनाचा तोच घटक बनतो. म्हणजे प्रथिनात तसूभर फरक नाही, तरीही त्या एका बदललेल्या अक्षरामुळे रांग घसरत नाही, पिढ्यान्‌पिढ्या जागेवर राहते. ज्यांच्याकडून हे अक्षर निसटलं, त्या घरांत रांग लांबत गेली. आज रक्ताच्या चाचणीत ही रांग मोजता येते. पण ती चाचणी करायची की नाही, हे ठरवण्याआधी डॉक्टर आजही रुग्णाला समोर बसवून आपल्या एका बोटाकडून दुसऱ्या बोटाकडे झटकन बघायला सांगतात आणि त्याच्या डोळ्यांकडे बघतात.