गव्हाणीतून शिरणारा रोग



२०२२ च्या ऑगस्टमध्ये रावेर तालुक्यातील चिनावल येथे लम्पी रोग आढळला आणि पाहता पाहता खानदेशात व पुढे महाराष्ट्रभर पसरला. माशी, डास, गोचीड यांच्यामार्फत तो गोठ्यागोठ्यांत कसा शिरला हे आपण पाहिलेच आहे. तेव्हापासून नरडाणा परिसरातील सभासद विचारतात, "विलायतेतला तो गाई वेड्या होण्याचा रोगही असाच आपल्याकडे येईल का हो?" प्रश्न रास्त आहे. उसाचे बिल हप्त्याने मिळते, पण रोजचे घर दुधावर चालते. म्हणून या अंकात त्या रोगाची माहिती देत आहोत. एक गोष्ट आधीच सांगतो. हा रोग माशीवर बसून येत नाही, तो गव्हाणीतून येतो. आणि गव्हाण आपल्या हातात आहे.

जंतूशिवाय रोग

फऱ्या, घटसर्प हे जंतूंचे रोग, लम्पी विषाणूचा. या रोगात मात्र जंतूही नाही आणि विषाणूही नाही. जनावराच्या मेंदूत मुळातच एक प्रथिन असते. त्याची घडी चुकली की ते घातक बनते. अमेरिकन शास्त्रज्ञ स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ साली त्यास 'प्रायॉन' हे नाव दिले. या संशोधनाबद्दल १९९७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता जिवंत नसलेली वस्तू वाढते कशी? आपल्या कारखान्यातला पॅन आठवा. दाट पाकात बारीक साखरेचे सीड सोडले की पाकातली साखर त्याच घडणीने त्यावर बसत जाते आणि दाणा मोठा होतो. सीड काही जिवंत नसते. तसेच इथे घडते. घडी चुकलेले प्रथिन चांगल्या प्रथिनाला भिडले की तेही तसेच बिघडते. एकाचे दोन, दोनाचे चार होत मेंदूच्या पेशी मरतात आणि मेंदूला स्पंजासारखी भोके पडतात.

हे सारे फार सावकाश चालते. गाईला लक्षणे दिसायला सरासरी चार-पाच वर्षे लागतात. तोवर जनावर वरून धडधाकट. मग ते बुजू लागते, धार काढताना लाथा झाडते, मागचे पाय लटपटतात, खात असूनही खंगते आणि शेवटी बसते ते उठत नाही. यावर लस नाही, औषध नाही. साध्या उकळण्याने हे प्रथिन नष्ट होत नाही. रोगाची पक्की खात्री जनावर मेल्यावर मेंदू तपासूनच होते.

इंग्लंडात काय घडले

इंग्लंडात हा रोग १९८६ साली ओळखला गेला. तेथे कत्तलखान्यातील उरलेसुरले मांस, हाडे, मेंदू शिजवून त्यांचा चुरा करीत आणि स्वस्त प्रथिन म्हणून दुभत्या गाईंच्या व वासरांच्या खुराकात मिसळीत. गवत खाणाऱ्याला त्याच्याच जातीचे मांस खाऊ घातले! एका रोगट जनावराचा अंश अशा रीतीने कितीतरी गव्हाणींत पोचला. १९८८ साली त्यावर बंदी आली, पण रोग आधीच अंगात शिरलेला होता. १९९२ या एकाच वर्षात ३७ हजारांवर गाई आजारी पडल्या. एकूण आकडा १ लाख ८० हजारांच्या पुढे गेला. १९९६ साली माणसांतील एका मेंदूरोगाशी त्याचा संबंध जाहीर झाला आणि गोमांसाची निर्यात बंद पडली. तेथे १७० हून अधिक माणसे त्या रोगाने दगावली आणि लाखो जनावरे मारून टाकावी लागली. दुधातून हा रोग पसरल्याचा पुरावा मात्र मिळालेला नाही.

मेंढ्यांतही याच जातीचा 'स्क्रॅपी' नावाचा रोग असतो. तो गाईच्या रोगासारखा खुराकापुरता राहत नाही. रोगट मेंढी व्याली की तिच्या वारेतून व पाण्यातून तो कळपात जातो आणि जमिनीत वर्षानुवर्षे टिकतो. हिमालयाच्या पायथ्याच्या मेंढ्यांत तो आढळल्याचा अहवाल १९६१ साली प्रसिद्ध झाला होता.

आपण काय करावे

भारतात गाईंच्या या रोगाची एकही नोंद नाही. २०१० साली जागतिक पशुआरोग्य संघटनेने आपल्या देशास 'नगण्य धोका' या वर्गात घातले. आपली ढोरे कडबा, वाढे, सरकी ढेप खातात, हे आपले मोठे भाग्य. गुरांच्या खुराकात मांस-हाडांचा चुरा घालण्यास सरकारी मनाईही आहे. ही घडी आपण मोडू नये, म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. कोंबडीखाद्य स्वस्त मिळाले तरी गाई-म्हशींना घालू नये. कोंबड्यांच्या खाद्यात मांस-हाडांचा चुरा चालतो, गुरांच्या नाही.

२. शेतासाठी आणलेले हाडांचे खत गोठ्यात ठेवू नये. खनिज मिश्रण घेताना पिशवीवरचा मजकूर वाचावा किंवा मुलांकडून वाचून घ्यावा.

३. नुसत्या वाढ्यांवर जनावर ठेवू नये. वाढ्यांतील ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून धरते. त्यांवर चुन्याची निवळी शिंपडावी, सोबत दुसरा चारा व खनिज मिश्रण द्यावे. फॉस्फरस कमी पडला की जनावर हाडे, चिंध्या चघळते. मेलेल्या जनावराच्या हाडांतून विषबाधा होऊन ते दगावूही शकते.

४. मेलेले जनावर व पडलेली वार उघड्यावर न टाकता खोल पुरावी.

५. जनावर वेड्यासारखे वागू लागले तर आपल्याकडे आधी पिसाळल्याचा संशय धरावा. घशात काही अडकले असेल म्हणून तोंडात हात घालू नये. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. लाळ अंगाला लागली असल्यास माणसांनी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

इंग्लंडात बंदी आल्यावरही चार वर्षे रोग वाढतच होता, कारण चूक खुराकात झाली आणि कळली फार उशिरा. तेव्हा खुराकाची पिशवी उघडण्याआधी आत काय आहे हे विचारावे. दुकानदार सांगत नसेल तर ती पिशवी घेऊ नये.