फिरत्या घराचे विजेचे अंदाजपत्रक

गाडीलाच घर करून प्रवासास निघणाऱ्यांनी सौर पॅनेल घेण्यापूर्वी विजेचा रोजचा खर्च मांडावा. ५ वॅटचे ४ दिवे ४ तास लावल्यास ८० वॅट-तास, २० वॅटचा पंखा ८ तास चालल्यास १६० आणि सरासरी २० वॅट घेणारा छोटा फ्रिज अहोरात्र चालल्यास ४८०, एकूण ७२०.

१२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत १,२८० वॅट-तास साठतात. त्यांपैकी ८० टक्केच वापरावेत. २०० वॅटचे पॅनेल ५ तासांच्या प्रखर उन्हात, घट वजा जाता, सुमारे ७५० देते. म्हणजे शिल्लक नाममात्रच! आभाळ दोन दिवस भरलेले राहिल्यास फ्रिजमधील इन्शुलिन धोक्यात येते. अशा प्रवाशांनी बॅटरी दुप्पट घ्यावी आणि तिच्या धन टोकालगत फ्यूज अवश्य बसवावा. अंथरूण पाहूनच पाय पसरावेत, हे विजेलाही लागू आहे.