ध्वनिवर्धक का गुरगुरतो?

धुळ्याची एकवीरादेवीची चैत्रातली यात्रा असो की जळगावचा कार्तिकी एकादशीचा रथोत्सव, एवढ्या गर्दीला काही ऐकवायचे तर कर्णा हवाच. कर्णा सर्वांना दिसतो. पण बारीक आवाज मोठा करण्याचे खरे काम टेबलाखालची एक पेटी करते. तिला ॲम्प्लिफायर किंवा वर्धक म्हणतात. वर्षानुवर्षे राबलेला असा वर्धक एक दिवस गुरगुरू लागतो आणि भंगारात जातो. वास्तविक बिघाड पुष्कळदा एखाद्या स्वस्त भागाचाच असतो. तो शोधायचा कसा? एकामागून एक भाग बदलून नव्हे, तर वर्धकाला नेमके प्रश्न विचारून.

प्रश्न विचारण्यापूर्वी पेटीतल्या दोन वाटा ओळखून घेऊ. पहिली वाट विजेची. २३० व्होल्टची वीज रोहित्रात, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये, जाते. पुढे डायोड तिला एकाच दिशेने वाहायला लावतात. हा प्रवाह उसळ्या मारत येतो. तो संथ करण्याचे काम मोठे कंडेन्सर करतात. पंपाचे पाणी हबक्या-हबक्याने आले, तरी टाकीच्या नळातून धार एकसारखी पडते, तसेच हे. दुसरी वाट ध्वनीची: मायक्रोफोन, पहिला टप्पा, आवाज कमीजास्त करण्याचे बटण, शक्ती देणारा टप्पा आणि शेवटी कर्णा.

आता पहिला प्रश्न. गुरगुर चालू असताना आवाजाचे बटण शून्यावर आणा. गुरगुर थांबली, तर दोष बटणाच्या अलीकडे आहे. कदाचित मायक्रोफोनच्या तारेवरचे जाळीदार वेष्टन तुटले असेल. गुरगुर तशीच राहिली, तर दोष बटणाच्या पलीकडे किंवा विजेच्या वाटेवर. पाहा, पेटी न उघडता निम्मा शोध संपला!

दुसरा प्रश्न सुराचा. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. तारेतून शिरलेली गुरगुर त्याच खर्जात असते. परंतु डायोड दोन्ही अर्धलहरी वापरत असतील, तर उसळ्या सेकंदाला १०० होतात. म्हणून कंडेन्सर निकामी झाल्यावर येणारी गुरगुर बरोबर एक सप्तक वरची असते. पेटी वाजवणाऱ्या मित्राला हा फरक चटकन कळेल.

बटण फिरवताना खरखर झाली, तर त्यातील कार्बनच्या पट्टीवर धूळ बसली असावी. पेटीला टिचकी मारताच आवाज येतो-जातो? मग एखाद्या सांध्याचा डाख सुटला असावा. वर्धकात आठ टप्पे असले, तर प्रथम मधोमध तपासा. आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक. तीन तपासण्यांत दोषी टप्पा सापडतो.

खानदेशात कंडेन्सर लवकर का थकतात, हेही समजून घेऊ. त्यांच्यात विद्युतवाहक द्रव असतो आणि उष्णतेने तो हळूहळू सुकतो. तापमान दर १० अंशांनी वाढले, की त्यांचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा ठोकळ नियम आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो. म्हणजे २५ अंशांच्या खोलीतल्या वर्धकाच्या मानाने आपल्या मांडवातल्या वर्धकाचे कंडेन्सर चौपट वेगाने म्हातारे होतात. त्यात कापसाच्या तुसाने हवेची भोके बुजली, तर विचारायलाच नको.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. जुन्या व्हॉल्व्हच्या वर्धकात ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सर तो धरून ठेवतात. हा धक्का प्राण घेऊ शकतो. म्हणून पेटी उघडण्याचे काम जाणकारावर सोपवा आणि तुम्ही शेजारी बसून पाहा. अनुभवी कारागीर जुना वर्धक थेट विजेला जोडत नाही. मध्ये तो ६० वॅटचा तारेचा दिवा एकसर जोडतो. आत शॉर्ट असेल, तर दिवा लख्ख पेटतो आणि प्रवाह पाव अँपियरच्या आसपासच राहतो. दिवा क्षणभर उजळून मंदावला, तर बहुधा ठीक आहे; कंडेन्सर भरताना तेवढा प्रवाह ओढतात. स्वतःच्या हाताने प्रयोग करायचे, तर ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या वर्धकापासून आरंभ करा.

एक वही घाला. तिच्यात तीन रकाने आखा: लक्षण, तर्क, तपासणी. तर्क लिहिल्याखेरीज काहीही बदलायचे नाही आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. डॉक्टरही रोग असाच शोधतात.

आता एक कोडे. शाळेचा वर्धक गुरगुरतो; बटण शून्यावर आणले तरी थांबत नाही, आणि सूर ५० हर्ट्झच्या एक सप्तक वरचा आहे. तुमच्या वहीच्या दुसऱ्या रकान्यात काय लिहाल?