विरारमध्ये मोठी माणसंच नसती तर

ओ. टी. नेल्सन या अमेरिकन लेखकाची ‘द गर्ल हू ओन्ड अ सिटी’ ही कादंबरी १९७५ साली आली. एका विषाणूने बारा वर्षांवरची सगळी माणसं दगावली आहेत आणि शिकागोजवळच्या उपनगरात दहा वर्षांची लिझा धाकट्या भावाला सांभाळते आहे. दुकानं लुटून संपतात, मुलांच्या टोळ्या माजतात. तेव्हा लिझाच्या डोक्यात येतं, दुकानांत माल यायचा तरी कुठून? ती सुपरमार्केटचं गोदाम हुडकते, गाडी चालवायला शिकते आणि एका शाळेच्या इमारतीत वस्ती उभारते. ही वस्ती माझ्या मालकीची, असं तिचं ठाम म्हणणं. विरारच्या सोसायटीत हे चाललं नसतं. इथल्या पोरांनी आधी कमिटी नेमली असती.

विरारच्या लिझाला अहमदाबाद हायवेवरची गोदामं सापडतीलही. खरी कोंडी पाण्याची. वसई-विरारची तहान मुख्यतः सूर्या नदीवरच्या धामणी धरणावर भागते. पेल्हार आणि उसगावची धरणं त्याला हातभार लावतात. वीज गेली की पंप बंद, गच्चीवरची टाकी दोन-तीन दिवसांत कोरडी. टँकर उभा असेल, पण तो कुठे भरायचा हे ड्रायव्हरलाच ठाऊक. अशा वेळी भाव येईल तो विरारजवळच्या बोळींज, नंदाखाल, आगाशीकडच्या मुलांना. तिथल्या वाड्यांमध्ये विहिरी आहेत आणि बावखलं आहेत: पावसाचं पाणी जिरवून गोडं पाणी राखणारी, खोदलेली तळी. केळी, पानवेली, भाजीपाला याच पाण्यावर पोसला गेला. बरीच बावखलं बांधकामांखाली गेली. उरलेली कुठे आहेत, कुठलं पाणी प्यायचं आणि कुठलं फक्त झाडांना घालायचं, हे आजीबरोबर वाडीत फिरलेल्या मुलालाच कळणार.

कादंबऱ्या मात्र मुलांना लगेच एकमेकांच्या उरावर बसवतात. विल्यम गोल्डिंगच्या १९५४ सालच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’पासून हे चालू आहे. प्रत्यक्षात १९६५ साली टोंगातली सहा शाळकरी मुलं भरकटून ओसाड ‘अता’ बेटाला लागली. त्यांनी कामाच्या पाळ्या लावल्या, ओंडके पोखरून पावसाचं पाणी साठवलं, पेटवलेली आग विझू दिली नाही. एकाचा पाय मोडला तर काठ्या बांधून बसवला. पंधरा महिन्यांनी सुटका झाली तेव्हा सहाही जण ठणठणीत होते. २०२३ मध्ये कोलंबियाच्या जंगलात विमान पडून आई गेल्यावर तेरा वर्षांच्या लेस्लीने तीन भावंडांना चाळीस दिवस जगवलं. कुठली फळं खायची हे तिला घरच्या मोठ्यांनी शिकवलं होतं.

लिझाच्या गोष्टीतल्या विषाणूसारखंच महाराष्ट्रात कोविडनेही मुलांना बहुतांशी सोडलं, पण आई-बाप नेले. जून २०२१ मध्ये राज्य सरकारने दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे पाच लाखांची मुदत ठेव ठेवायचं ठरवलं. लिझाच्या कादंबरीत असा शासननिर्णय निघत नाही. तिथे सही करायला कुणी मोठं उरलेलंच नसतं.